शालनचं ताट

ही गोष्ट आजवर दोनच माणसांना माहीत होती — एक मी, दुसरी शालन. शालन म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष होऊन गेलं. आता ही गोष्ट एकट्या माझ्यापाशी उरली आहे, आणि मी तोंड उघडलं नाही तर माझ्याबरोबरच सरणावर जाईल. जाऊ दे की, असं मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलं. पण नाही होत. ताटावर बसलं की भाकरीच्या आधी तीच वर येते. तुम्ही माझे ना सोयरे, ना भावकीतले, म्हणून तुम्हाला सांगतो. भावकीत सांगायची छाती नाही. पोरीला सांगायची तर मुळीच नाही.

गोष्ट साध्या जेवणाच्या ताटाची आहे. हसायचं तर हसा — सुरुवातीला आम्ही दोघंही हसलोच होतो.

मी कुंडलचा. फौजेत कारकून होतो, हवालदार होऊन पेन्शनीत आलो. गावात अजून मला हवालदारच म्हणतात. एकुलती एक मुलगी, सुजाता, लग्न होऊन पुण्याला असते, नोकरी करते. ती मला आप्पा म्हणते. मला साखरेचा आजार आहे, आणि जीभ आहे ती मात्र पंगतीला सोकावलेली. वांगं तेलात बुडलेलं पाहिजे, चहा ओठाला चिकटला पाहिजे, आणि मटण नसलेला रविवार मी रविवारच धरत नव्हतो. डॉक्टरनं सांगून झालं, शालननं सांगून झालं. मी ऐकायचो आणि पुन्हा वाटी पुढं करायचो.

त्या दिवाळीला सुजाता आली, तेव्हा माझ्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पोरगी माझ्या पायाशी बसून रडली. मग डोळे पुसले, माझा मोबाइल मागितला आणि त्यात एक ॲप घालून दिलं. आठवडाभराचा स्वयंपाक तेच ठरवणार. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, बाजारातून काय आणायचं, सगळं मराठीत. जेवायला बसलं की ताटाचा फोटो काढायचा. ताट बरोबर असलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. आणि तो फोटो तिथल्या तिथं सुजाताला पुण्यात दिसणार. "आप्पा, तुमी काय जेवताय ते मला रोज तिकडं कळंल," ती म्हणाली. मला बरं वाटलं होतं. उतारवयात कुणी आपल्या ताटात डोकावतंय, यात वाईट काय?

सुरुवातीला मी इमानानं खाल्लं. एवढं तरी खरं माना. मुगाचं धिरडं खाल्लं, दुधीची बिनतेलाची भाजी खाल्ली. एकदा त्या ॲपनं किन्वा म्हणून काहीतरी सांगितलं. शालननं पलूसच्या बाजारात तीन दुकानं पालथी घातली, शेवटी एका दुकानदारानं तिच्यापुढं राजगिरा केला, तो तिनं घेतला नाही. ती घरी येऊन म्हणाली, "आवं, ह्यो परदेशी दाणा ऱ्हाऊ द्या. मी आपली वरी शिजवते, त्येला काय कळतंय?" वरी शिजवली, फोटो काढला, हिरवी खूण आली. त्याला खरंच काही कळलं नाही. ते मी नीट ध्यानात ठेवलं.

जखम भरली. अंगठा वाचला. आणि मी गावात शहाणा झालो. देवळापुढच्या कट्ट्यावर माझ्याच वयाची मंडळी बसतात, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. एकेकाच्या पोरानं पुण्या-मुंबईहून धाडलेला मोबाइल खिशात, पण त्यातलं काही उमजत नाही. मी त्यांना ते ॲप घालून द्यायला लागलो. ऊस तोडून, पाणी पाजून बोटं अशी रापलेली की काच त्यांना ओळखायचीच नाही. त्यांतला गणपा म्हणाला, "गड्या, म्या हात लावला तर म्हशीला कळतंय, आन ह्येला कळंना व्हय?" मग मी त्याचं बोट धरून दाबायचो. शिकवायचो. माझे हिरव्या खुणांचे फोटो दाखवायचो. सुजातानंही ते घरच्या ग्रुपवर टाकले — बघा, आमच्या आप्पांनी या वयात कसं मनावर घेतलंय. जावयाचा फोन आला. रहिमतपूरहून शालनच्या भावाचा फोन आला. चार माणसांत नाव झालं, आणि ते नाव मला मटणापेक्षा गोड लागलं.

आता फौजेतलं एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं इन्स्पेक्शन असायचं. साहेब येणार, खाटेवर सगळं सामान मांडून ठेवायचं, ताटली, पेला, बूट, मोजे, सगळं चकचकीत. जुना जवान काय करतो? तो एक जोड वेगळाच ठेवतो. कधी न वापरलेला. साहेबाला दाखवायचा तो, आणि वापरायचा तो दुसरा. साहेबालाही ते ठाऊक असतं. त्यात कुणाला खोटं वाटत नाही. उलट ज्याच्याकडं असा दुसरा जोड नाही तो गाढव. आयुष्यभर मी तसाच वागलो. दाखवायचं वेगळं, वापरायचं वेगळं.

चैत्रात शेजारच्या गावची यात्रा होती. मित्राकडं जेवायला गेलो आणि तांबड्या रश्श्यावर आडवा हात मारला. अंगठा बरा झालाय, एक दिवसानं काय होतंय? घरी आलो तर मोबाइल वाजत होता, दुपारच्या ताटाचा फोटो राहिलाय म्हणून. शालन स्वयंपाकघरात नुकती जेवायला बसली होती. तिच्या ताटात अर्धी भाकरी, मेथीची भाजी, वाटीत ताक. मी पाहिलं — त्या दिवशी ॲपनं मला जे सांगितलं होतं, ते जवळजवळ तसंच तिच्या ताटात होतं. मी वाकलो आणि तिच्या ताटाचा फोटो काढला. हिरवी खूण आली. सुजाताचा निरोप आला, "शाब्बास आप्पा."

शालन माझ्याकडं बघून म्हणाली, "शेत तुमच्या नावावर, घर तुमच्या नावावर. आता माझं ताट बी घ्या नावावर." आणि हसली. मीही हसलो.

तुम्हाला एक विचारू? तुमच्या घरात बाई कधी जेवते? आमच्यात मागून जेवते. मी जेवून, हात धुऊन, पानाचा डबा घेऊन बाहेर येणार, मग ती आतल्या आत चार घास खाणार. संसाराच्या एवढ्या वर्षांत मी शालनचं ताट कधी पाहिलं नव्हतं. ती काय खाते, किती खाते, खाते तरी की नाही, मला ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक नाही हेही कधी जाणवलं नव्हतं. तिचं ताट मी पहिल्यांदा पाहिलं ते चोरायला.

मग रोजचंच झालं. मी मला हवं ते खायचो. तीच रांधायची, भांडत भांडत का होईना, पण रांधायची. मी जेवून उठलो की ती आपलं वाढून घ्यायची, आणि मी मोबाइल घेऊन तिच्यासमोर उभा राहायचो. सुरुवातीला एक-दोन फोटोंत तिचा हात आला, हिरव्या बांगड्या आल्या. ते मी पुसून टाकले. नंतर मी तिला सांगायला लागलो, "हात मागं घे." ती हात मांडीवर घ्यायची. ताट समोर, हात मांडीवर, आणि माझं होईपर्यंत गप्प बसायची. मग मी म्हणायचो, "हां, जेव आता."

"हात मागं घे." आयुष्यात तिला इतक्या वेळा मी दुसरं काही म्हणालो असेन असं वाटत नाही.

इथंच थांबलो असतो तर ही एका खादाड म्हाताऱ्याची गंमत झाली असती. पोरीनं कधीतरी पकडलं असतं, चार शब्द सुनावले असते, पुढं लग्नाकार्यात तिनंच हसत सांगितलं असतं. मला तेवढंच सांगून उठावंसं वाटतंय. पण उठत नाही.

ते ताट कमी होत गेलं. आता हे कुणाला दिसणार होतं? फक्त मला. जी बाई आयुष्यभर मागून जेवली, तिच्या ताटाकडं दिवसातून दोनदा डोळे लावून बघणारा जगात मी एकटाच होतो. अर्ध्या भाकरीची चतकोर झाली. मग कडा काढून ती मधलं मऊ तेवढं घ्यायला लागली. मग भाजी गेली. मग दुधात भाकरी कुस्करलेली. तीही आधी घट्ट, मग पातळ, मग नुसतं दूध आणि त्यात चिमटीभर काला. मला दिसत होतं. नीट दिसावं म्हणून मी मोबाइल जवळ नेत होतो, उजेडाकडं ताट सरकवत होतो. दिसलं नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

एकदा ती म्हणाली, "आवं, घास हितं अडकल्यागत हुतोय." आणि गळ्याच्या खाली छातीवर बोट ठेवलं. मी म्हणालो, "सावकाश खा की. मागं कोण लागलंय?" आणि फोटो काढला.

पावसाळ्यात ॲपनं मला इशारा दिला. हिरव्या खुणेच्या जागी मोठी लाल पट्टी आली — तुमचा आहार फार कमी झाला आहे, डॉक्टरांचा सल्ला घ्या. यंत्रच ते, त्याला ना डोळे ना काळीज. पण त्यालाही कळलं की या ताटावर जेवणारं माणूस उपाशी मरतंय. आणि ते कुणाला सांगत होतं? मला. मी तर पोटभर जेवून ढेकर देत होतो.

सुजाताचा लगेच फोन आला. घाबरली होती. "आप्पा, नुसतं दूध-भाकरी खाताय? काय होतंय तुमाला? मी येऊ का?" तेव्हा काय बोलायला हवं होतं, ते लहान पोराला कळेल. एवढंच — सुजा, ते ताट माझं नाही, तुझ्या आईचं आहे, लगोलग ये. एका दमात सांगून झालं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं काय आलं? ग्रुपवरचे ते शाब्बास आले, जावई आला, कट्ट्यावरचा गणपा आला. मी म्हणालो, "काय न्हाई गं. दाढ दुखतीया. चावायला येत न्हाई."

आता दाढ म्हणालो तर दाढ दाखवणं आलं. सुजातानं पुण्यातून फोन करून सांगलीतल्या दाताच्या डॉक्टरची वेळ घेतली. मी आणि शालन एसटीनं गेलो. तीच म्हणाली, मी बी येते. डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, दात छान आहेत तुमचे, एक दाढ थोडी किडली आहे, भरून देतो. मी म्हणालो, भरू नका, काढून टाका. तो म्हणाला, गरज नाही. मी म्हणालो, काढाच. मी सांगितलेलं खरं ठरायला काहीतरी हातात पाहिजे होतं ना? तर मी माझी चांगली, आणखी काही वर्षं टिकली असती ती दाढ उपटून घेतली. सुजाताला तोंडात बोळा धरलेला फोटो पाठवला.

बाहेर बाकावर शालन बसली होती. पदर गळ्याभोवती घेतलेला. मी तिच्या शेजारी बसलो. तिनं पिशवी पायाशी सरकवली. मग खाली बघत म्हणाली, "आता सांगलीत आलोयच, तर माझ्या गळ्याचं बी दावू या का कुणाला?"

हेच. इथंच यायचं होतं मला, म्हणून एवढा वेळ घुटमळत होतो.

त्या बाकापासून चार पावलांवर दवाखाने होते. सांगली-मिरज म्हणजे काय, दवाखान्यांचं गाव. अर्धा दिवस हातात होता. आणि माझ्या मनात काय आलं ते शब्दाला शब्द सांगतो. मनात आलं — हिला दाखवलं तर डॉक्टर विचारणार, कधीपासून त्रास, काय खाता, किती खाता. सुजाताला फोन जाणार. शालन दूध-भाकरी म्हणणार. सुजाता म्हणणार, दूध-भाकरी तर आप्पा खातात. आणि मग सगळं उघडं पडणार. असंच आलं मनात. धांदलीत, नकळत असं काही नाही, चांगलं ओळीनं आलं. माझ्या तोंडात बोळा होता, बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं. मी हातानं खूण केली, नंतर. पुढच्या वेळी.

ती म्हणाली, "बरं." आणि पिशवी उचलून उभी राहिली.

परत येताना एसटीत तिनं मला खिडकीजवळ बसवलं. दाढेला वारा लागंल म्हणून काच ओढून घेतली. माझ्या पायावर स्वतःची शाल टाकली. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

तुम्हाला वाटत असेल, घरी आल्यावर तरी माणसाला लाज वाटली असेल. वाटली नाही. दाढ गेली, दुखणं संपलं, म्हणजे आता ताट भरलेलं दिसायला पाहिजे. मग मी तिच्या ताटात वरून वाढायला लागलो. एक भाकरी, वाटीभर आमटी, भाजी. फोटो काढायचो, हिरवी खूण आली की भाकरी पुन्हा टोपल्यात आणि आमटी पुन्हा पातेल्यात. ती हात मांडीवर घेऊन बघत बसायची. जे तिला गिळता येत नव्हतं ते मी तिच्यापुढं मांडायचो आणि उचलून न्यायचो. एकदा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की एवढी आमटी. बगते उतरती का." मी वाटी ठेवली. दोन घोटांनंतर तिनं ती हळूच बाजूला सारली आणि डोळ्यांचं पाणी पुसलं. मी मोबाइलमध्ये बघत होतो.

गौरीच्या सणाला सुजाता आली. दारातच थबकली. तिचा रोज आईशी फोन व्हायचा, कधी व्हिडिओवरही बोलायच्या, पण मोबाइल माझ्या हातात असायचा आणि शालन दोन शब्द बोलून बाजूला व्हायची. आता समोर बघितलं तर पोलकं खांद्यावरून उतरलेलं, गळ्याची हाडं वर आलेली. पिशवी खाली न ठेवताच तिनं आईला पोटाशी धरलं. दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. अन्ननलिकेत गाठ होती. वाढलेली होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की यायला फार उशीर झाला. विचारलं, "गिळायला त्रास कधीपासून आहे?"

शालन म्हणाली, "झालं आसंल की थोडं दिस."

सुजाता माझ्याकडं वळली. "आप्पा, तुमी घरात असून तुमच्या ध्यानात आलं न्हाई?"

मी म्हणालो, "ती मागनं जेवती. मला कसं दिसणार गं?"

हे मी बोललो. शालन तिथंच होती. तिच्यादेखत बोललो. आमच्या सगळ्या बायका मागून जेवतात, त्यामुळं सुजाताला ते पटलं, डॉक्टरांनाही पटलं. अशी पटणारी दुसरी थाप मी जन्मात मारली नसेल. शालननं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर सारखा केला आणि सुजाताला म्हणाली, "त्येंला नगं काय म्हणू. माझंच चुकलं, मी सांगितलं न्हाई."

दवाखान्यात तिच्या नाकातून नळी घातली होती. त्यातून पातळ अन्न जायचं. मी खाटेशेजारी बसायचो. एके दुपारी माझ्या खिशातला मोबाइल वाजला, तोच आवाज, जेवणाची वेळ झाली, ताटाचा फोटो काढा. तिनं डोळे उघडले. तो आवाज तिला पाठ होता. मला वाटलं, आता तरी ती काही बोलेल, शिवी देईल, तोंड फिरवेल. तिनं उजवा हात उचलला, पाची बोटं एकत्र करून तोंडाशी नेली आणि माझ्याकडं बघून भुवया वर केल्या. तुम्ही जेवलात का? मी बाहेर पळालो. जिन्याच्या कोपऱ्यात भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिलो. आत जाऊन तिचे पाय धरायला हवे होते. मी चहा पिऊन आलो.

थंडी पडायच्या आत ती गेली. सुजाताला काही न सांगता गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला जायचं होतं, नैवेद्य करायचा होता. आमच्यात गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानात ठेवतात. स्वयंपाकघरात भावजया जमल्या होत्या. शालनला काय आवडायचं? कुणालाच आठवेना. माझं काय आवडतं ते सगळ्यांना पाठ होतं. कुणी म्हणालं पुरणपोळी कर, कुणी म्हणालं थालीपीठ. सुजाता रडवेली होऊन माझ्याकडं आली. "आप्पा, तुमी सांगा. आईला काय आवडायचं?" आणि मला तिचं काय ठाऊक होतं? मला तिचं फक्त ते ताट ठाऊक होतं. मी म्हणालो, "दूध-भाकरी."

"दूध-भाकरी?"

"व्हय. कडा काढून, मऊ कुस्करून."

पोरगी ओठ चावत चुलीकडं गेली. तिला वाटलं, बापाला आईच्या मनातलं किती बारीक ठाऊक आहे. भावजयांनी डोळ्यांना पदर लावला. जे खाऊन ती हळूहळू मेली, ते मी तिची आवड म्हणून सांगितलं.

आणि त्या दिवसापासून सुजाता एकच वाक्य बोलते. भेटायला येईल त्याला सांगते, मैत्रिणींना फोनवर सांगते, माझ्या गळ्यात पडून सांगते. "मी रोज आप्पांचं ताट बघत होते. एक दिवस, एक दिवस जरी आईचं ताट बघितलं असतं —" आणि पुढं तिला बोलवत नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवतो. माझ्या लेकीनं रोज, दिवसातून दोनदा, तिच्या आईचंच ताट पाहिलं होतं. ते कमी होतंय हे तिला कळलं होतं. ती घाबरली होती, येते म्हणाली होती. तिच्या फोनमध्ये ते सगळे फोटो आज आहेत. ती काही चुकली नव्हती. हे एक वाक्य मी बोललो तर तिच्या उरावरचा धोंडा उतरेल, आणि मी ते बोलत नाही. ती रात्रीची झोपेची गोळी घेते, हेही मला माहीत आहे.

मी आता पथ्यानं जेवतो. स्वतःचं ताट, स्वतःचा फोटो. साखर आटोक्यात आहे. कट्ट्यावर म्हणतात, बायको गेल्यावर हवालदारानं स्वतःला चांगलं सावरलं.

परवा वर्षश्राद्ध झालं. सुजाता आदल्या दिवशीच आली. स्वतः शाळूची भाकरी थापली. मी उंबऱ्याशी बसून बघत होतो. तिनं भाकरीच्या कडा काढल्या, मधलं मऊ दुधात कुस्करलं, बोटांनी हळूहळू, गाठ राहू नये असं. ताट शालनच्या फोटोपुढं ठेवायला निघाली आणि मध्येच माझ्यापाशी थांबली.

"आप्पा, असंच खायची ना?"

मी ताटात पाहिलं. अगदी तसंच होतं.

"आणखी थोडं दूध घाल," मी म्हणालो. "पातळ लागायचं तिला."